एक्सटेंशन बोर्ड : दुरुस्ती व सुरक्षा चाचणी

भिंतीवरच्या सॉकेटपासून दूरच्या उपकरणापर्यंत वीज नेणारे सुटे साधन. याच्या एका टोकाला थ्री-पिन टॉप, मध्ये लवचीक वायर आणि दुसऱ्या टोकाला एक किंवा अधिक सॉकेट असतात. वायरमन पीव्हीसीच्या किंवा लाकडी पेटीवर स्विच-सॉकेट बसवून तो तयार करतात. बाजारातल्या तयार पट्टीला सर्रास स्पाइक गार्ड म्हणतात, मग आत स्पाइक (व्होल्टेजची क्षणिक उसळी) रोखणारा भाग असो वा नसो. घरात विजेची एवढी ओढाताण दुसऱ्या कोणत्याच वस्तूच्या वाट्याला येत नाही, आणि तपासणी मात्र जवळजवळ होतच नाही. फेज (वीज आणणारी वायर) किंवा न्यूट्रल (ती परत नेणारी) तुटला तर बोर्ड बंद पडतो आणि लगेच कळते. अर्थिंगची, म्हणजे गळती जमिनीत नेणारी, वायर तुटली तर काहीच कळत नाही: पंखा फिरतो, इस्त्री तापते. पुढे कधीतरी इस्त्रीच्या पत्र्यात फेज उतरला, की तोवर दडलेला दोष शॉक देतो.

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा आहे. पिन टॉप आणि सॉकेट आयएस १२९३ या भारतीय मानकाखाली येतात व ते ६ किंवा १६ अँपिअरचे असतात. अर्थिंगची पिन लांब आणि जाड असते, त्यामुळे ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. ब्रिटनमधल्या १३ अँपिअरच्या पिन टॉपमध्ये फ्यूज असतो, आपल्या पिन टॉपमध्ये नसतो. हा फरक महत्त्वाचा आहे. सॉकेटच्या लाइनवर १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) आणि बोर्डाची वायर ६ अँपिअरपुरती, अशी जोडी असेल तर जास्त लोडवर एमसीबी पडत नाही, वायर तापत राहते. ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १,३८० वॅट; पाणी तापवायचा १,५०० वॅटचा रॉड एकटाच ही मर्यादा ओलांडतो. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, आणि वायर गुंडाळलेली असेल तर ती बाहेरही पडत नाही. ६ अँपिअरसाठी तांब्याची ०.७५ चौरस मिमी वायर पुरते, १६ अँपिअरच्या बोर्डाला किमान १.५ लागते. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर त्याच जाडीत जास्त तापते.

बहुतेक बिघाड पिन टॉपमध्ये सापडतात. दुरुस्तीआधी बोर्ड भिंतीपासून काढावा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. टॉप उघडल्यावर ढिला स्क्रू, त्याभोवती काळवंडलेले पितळ आणि कडक होऊन तडकलेले इन्सुलेशन दिसले, तर तो टॉप बदलावा. घासून पुसून वापरू नये. जळका भाग कापून वायर चांगल्या तांब्यापर्यंत मागे घ्यावी. नव्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते. जुनीत अनुक्रमे लाल, काळी, हिरवी. टॉपमध्ये अर्थिंगची वायर बाकीच्या दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे हिसका बसला तरी ती शेवटी निघते. तारांना पीळ द्यावा, पण स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला कथिल लावू नये. दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि जोड ढिला होतो. वायरची पकड बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या रंगीत वायरींवर नव्हे. वायर मध्येच सोललेली असेल तर टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. तिथे कापून वायर आखूड करावी किंवा पूर्ण बदलावी.

बाजारात एक घातक माल सहज मिळतो: तीन भोकांचे सॉकेट, पण वायर दोनच पदरी. अर्थिंगचे भोक नुसते दिखाऊ असते. असा बोर्ड फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन यांपैकी कशालाच लावू नये.

चाचणीही बोर्ड भिंतीपासून काढूनच सुरू होते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवून प्रत्येक पिनपासून प्रत्येक सॉकेटच्या त्याच भोकापर्यंत तपासावे, आणि वायर हलवत तपासावे. अर्धवट तुटलेली तार तेव्हाच पकडली जाते. सॉकेट समोरून पाहताना अर्थिंग वर, फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे हवा. बोर्डावरचा स्विच फेजवरच असावा. तो न्यूट्रलवर असेल तर बंद केल्यावरही उपकरणात फेज राहतो. पुढची पायरी इन्सुलेशनची, आणि ती मेगरची (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरची) आहे, साध्या मीटरची नव्हे. सगळे स्विच चालू ठेवून फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडतात आणि त्यांच्या व अर्थिंगच्या मध्ये ५०० व्होल्ट डीसी देतात. रोध किमान १ मेगओहम हवा. धड बोर्डात तो कितीतरी जास्त येतो. खऱ्या स्पाइक गार्डमधला व्हॅरिस्टर, म्हणजे स्पाइक रोखणारा भाग, मात्र या दाबाला स्वतःच वाहू लागतो आणि आकडा खाली आणतो, म्हणून तिथे २५० व्होल्टवर चाचणी घेतात. शेवटी बोर्डावर त्याच्या क्षमतेइतका लोड वीसेक मिनिटे चालवावा, मग बंद करून पिन काढावी आणि टॉप, वायर, सॉकेट हाताने चाचपावे. कोमट चालेल; हात मागे घ्यावा लागला तर जोड पुन्हा उघडावा.

टेस्टरचा दिवा लागला म्हणजे बोर्ड ठीक, हा समज घरोघरी आहे. टेस्टर फक्त फेज दाखवतो, अर्थिंगबद्दल काहीही सांगत नाही. उपकरण जोडून स्विच चालू असताना दोन्ही भोकांत दिवा लागला, तर बहुधा न्यूट्रल तुटलेला असतो.

बोर्डातली अर्थिंग कितीही चोख असली तरी भिंतीतच ती नसेल तर उपयोग शून्य. जुन्या वाड्यांत आणि चाळींत ही अडचण अनेकदा येते. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घेणे हाच मोठा आधार आहे, कारण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतल्या फरकावर तो पडतो. त्याला त्यासाठी अर्थिंग लागत नाही. गणपतीच्या मखरामागे एका बोर्डाला दुसरा, त्याला तिसरा अशी साखळी लावतात. तीत सगळ्यांचा लोड पहिल्याच पिन टॉपवर येतो, तेव्हा आधी तोच तपासावा. बाद ठरवलेल्या बोर्डाची वायर टॉपजवळ कापूनच तो भंगारात द्यावा, म्हणजे कोणी तो उचलून पुन्हा भिंतीला लावणार नाही.