लेकरू ओटीत घातले, पण हक्क केव्हा संपतो?

विदर्भाच्या खेड्यापाड्यांत मूल नसलेल्या दीर-जावेच्या ओटीत लेकरू घातले, चार पंचांसमक्ष मुद्रांकावर सह्या-अंगठे झाले आणि तो कागद घडी करून पेटीत ठेवला, की जन्मदात्यांचा हक्क संपला असे आजही सर्रास समजले जाते. कायदा मात्र त्या कागदापाशी थांबत नाही.

दत्तकाने जनककुळाशी नाते तुटते ही कल्पना फार जुनी आहे. दत्तक गेलेल्या पुत्राला जनकपित्याचे गोत्र व धन मिळत नाही, असे मनुस्मृतीतच सांगितले आहे. या दत्तकाचा हेतू वंश आणि वारसा हाच होता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये वारस नसल्याचे कारण देऊन खालसा झाले, यावरून त्या काळी दत्तकाला किती वजन होते हे कळते. मुलाच्या हिताचा विचार कायद्यात ठळकपणे आला तो 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाने. या कायद्याखाली न्यायालय मुलाचा ताबा दुसऱ्याकडे देऊ शकते, पण ताबा गेला म्हणून आई-बापाचे नाते किंवा मुलाचा वारसा संपत नाही. हा फरक अनेकदा सुशिक्षितांच्याही लक्षात येत नाही.

नाते खऱ्या अर्थाने तुटते ते दत्तकाने. हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना लागू असलेल्या 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार होम सक्तीचा नाही, मात्र मूल प्रत्यक्ष देणे-घेणे आवश्यक आहे, आणि एकदा वैध ठरलेले दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही.

दुसरी वाट परिस्थितीपुढे हतबल झालेल्या पालकांची आहे. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात जन्मदात्यांना परिणाम नीट समजावून सांगण्यावर भर दिला. आज 2015 च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे पालकांनी मूल बालकल्याण समितीपुढे आणावे लागते, समुपदेशनानंतर समर्पणपत्र, म्हणजे मूल सोपवत असल्याचा लेख, होते आणि फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. माझ्या मते संपूर्ण कायद्यात आईच्या दृष्टीने याहून मोलाची तरतूद नाही, कारण तेवढ्या दिवसांत ती लेकराला परत घरी नेऊ शकते. मुदत संपून समितीने मूल दत्तकासाठी मुक्त जाहीर केले, की ती वाट बंद होते.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1956 च्या त्याच दत्तक कायद्याप्रमाणे, वडिलांच्या मृत्यूनंतर शेतीतला जो हिस्सा मुलाला वारसाने आधीच मिळाला आहे, तो मूल पुढे दत्तक गेले तरी त्याचाच राहतो, मग सातबाऱ्यावर त्याचे नाव चढलेले असो वा नसो.