कंपास कॅमेरा

कंपास हा १९३७ साली बाजारात आलेला, २४ × ३६ मिमी आकाराची छायाचित्रे टिपणारा छोटेखानी कॅमेरा होय. त्याची कल्पना इंग्लंडमधील नोएल पेम्बर्टन बिलिंग यांची, तर घडण स्वित्झर्लंडमधील लकूल्त्र या घड्याळाच्या कारखान्याची. बिलिंग काही काळ ब्रिटिश संसदेचे सदस्य होते आणि त्यांनी काढलेली विमानांची कंपनी पुढे सुपरमरीन या नावाने गाजली; कॅमेऱ्याच्या धंद्याशी मात्र त्यांचा फारसा संबंध नव्हता, आणि त्यांच्या आराखड्यातला बेधडकपणा बहुधा त्यातूनच आला असावा.

सिगारेटच्या पाकिटाएवढ्या, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाच्या ॲल्युमिनियमच्या डबीत एफ ३.५ छिद्रमानाचे ३५ मिमी भिंग, साडेचार सेकंदांपासून १/५०० सेकंदापर्यंत चालणारा शटर, अंतरमापक, काटकोनात पाहण्याची सोय, रंगीत फिल्टर, भिंगावरची झडप आणि पाणसळसुद्धा बसवलेली आहे. भिंगाची नळी दुर्बिणीसारखी बाहेर ओढली की तिच्याभोवतीच्या कड्या आणि त्यांवर कोरलेले बारीक आकडे दिसू लागतात. ते वाचताना हातात कॅमेरा आहे की तबकडी उघडलेले घड्याळ, असा क्षणभर संभ्रम पडतो. प्रकाशमापक विजेवर नव्हे, नजरेवर चालतो: क्रमाने काळवंडत जाणाऱ्या काचेतून दृश्य कुठवर दिसते यावरून प्रकाश जोखायचा. डोळे अंधाराला सरावतात, त्यामुळे हा अंदाज माणसागणिक बदलतो.

वापरायला मात्र कंपास सोयीचा नव्हता. मूळ रचनेत एकेका छायाचित्रासाठी प्रकाशसंवेदी लेप दिलेली वेगळी काचपट्टी घालावी लागे. रोल फिल्मची जोडणी नंतर आली. त्याच सुमारास लायका आणि कॉन्टॅक्स हे जर्मन कॅमेरे एका रिळावर छत्तीस छायाचित्रे देत होते. तीस पौंडांची किंमतही त्या काळी मोठीच होती. अवघे चार हजारांच्या आसपास कंपास तयार झाले आणि महायुद्धाच्या काळात उत्पादन थांबले.

संग्राहकांना ओढ वाटते ती या दुर्मिळतेपेक्षा त्यातल्या कारागिरीची. घड्याळाच्या तोडीचे सुटे भाग इतक्या दाटीने बसवले आहेत, की अडकलेला शटर उघडायला कॅमेऱ्याचा साधा कारागीर सहसा धजत नाही. म्हणून जाणकार आधी शटरचे संथ वेग ऐकून पाहतात, कड्या अडखळतात का ते तपासतात, आणि मग काचपट्ट्यांचे धारक, रोल फिल्मची जोडणी, छोटी तिपाई, चामडी पाकीट यांपैकी काय सोबत आहे ते विचारतात. नुसत्या कॅमेऱ्यापेक्षा असा भरलेला संच कितीतरी विरळा.