तुटलेल्या पाइपच्या सांध्याचे बळ

मुंबईतील अनेक जुन्या घरांत आजोबांचा ब्रायर लाकडाचा पाइप कपाटात जपून ठेवलेला असतो. तो ओढणारे कोणी उरले नसले, आणि तंबाखू आरोग्यास घातक आहे हे सर्वांना ठाऊक असले, तरी तो हातातून पडून दांडीपाशी तुटला की घरातल्यांच्या जिवाला लागते. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून झटपट चिकटणारा गोंद येतो, दोन तुकडे जुळतात आणि सांधा आता लाकडापेक्षाही पक्का झाला असे मानले जाते. गोंदाच्या जाहिरातींनी रुजवलेला हा समज दुरुस्तीच्या कामात फार नुकसान करतो.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी तयार होणारी गाठ. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे निखारा सांभाळणारी वाटी सहसा दणकट असते. दांडी मात्र बारीक असते आणि तिच्या मधोमध धुराचे भोक असते. पाइप पडतो तेव्हा लांब मुखनळी तरफेसारखी काम करते आणि सगळा भार दांडीवर येतो.

हा भार किती वाढतो ते पाहण्यासारखे आहे. दांडीची जाडी 12 मिलिमीटर आहे आणि सांध्यापासून 60 मिलिमीटर अंतरावर, म्हणजे मुखनळीच्या टोकाशी, सुमारे एक किलो वजनाइतके बल आडवे लागले, असे समजा. भरीव गोल दांडीच्या कडेवर येणारा ताण, तेच बल सरळ ओढल्यास येणाऱ्या सरासरी ताणाच्या किती पट असतो, हे काढण्याचे सूत्र सोपे आहे: अंतराला आठने गुणून जाडीने भागायचे. उत्तर येते 40. भोकामुळे हा आकडा थोडा कमी होतो, पण मुद्दा तोच राहतो. शिवाय हा ताण सांध्यावर सारखा पसरत नाही; तो एका कडेवर एकवटतो, तेथे बारीकशी फट पडते आणि मग ती फट स्वतःच पुढे सरकत जाते. गोंदाचा थर त्याच्या पातळीत सरकवू पाहणाऱ्या बलाला, म्हणजे कर्तनाला, चांगले तोंड देतो, पण कडेपासून उकलू पाहणाऱ्या बलापुढे तो दुबळा असतो. अमेरिकी रसायनतज्ज्ञ हॅरी कूव्हर यांना 1942 मध्ये बंदुकीच्या पारदर्शक दृष्टिसाधनासाठी प्लास्टिक शोधताना गवसलेला सायनोॲक्रिलेट, म्हणजे दुकानातला तो झटपट चिकटणारा गोंद, हवेतील ओलाव्याने क्षणात घट्ट होतो, पण त्याचा थर ठिसूळ असल्यामुळे धक्क्याने तो लवकर तडकतो.

म्हणून कसबी कारागीर एकट्या गोंदावर भार टाकत नाही. मुंबईतील नागदेवी रस्त्याच्या बाजूला एका छोट्या लेथवर हे काम पाहिले. दांडीचे भोक दोन्ही तुकड्यांत 15 मिलिमीटर खोलवर 5 मिलिमीटरपर्यंत मोठे केले होते आणि त्यात 4 मिलिमीटर आतल्या व्यासाची पोलादी नळी बसवली होती, म्हणजे धुराची वाट जुन्याइतकीच मोकळी राहिली. तुटलेल्या तोंडाला कारागिराने काचकागद लावू दिला नाही. तंतू जसे तुटले तसेच बसले, तर रेघ जवळजवळ दिसेनाशी होते. नळी मात्र त्याने काचकागदाने खरखरीत केली, कारण गुळगुळीत धातूवर गोंद नीट धरत नाही.

आता वाकवणारे बल नळीवर येते आणि ती ते लाकडाच्या आतल्या भिंतीवर पसरवते. प्रत्येक बाजूला नळीभोवतीचे चिकटणारे क्षेत्रफळ सुमारे 236 चौरस मिलिमीटर होते, तर तुटलेल्या तोंडाचे जेमतेम 93. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नळी बाहेर ओढली जाऊ लागली तर तिच्याभोवतीचा गोंद उकलत नाही, त्याला कर्तन सोसावे लागते, आणि गोंदाचे खरे बळ तेथेच असते.

येथे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, वापरतात. तिच्या दोन भागांपैकी राळेच्या रेणूंतील ताणलेली तीन अणूंची कडी दुसऱ्या भागातील अमाइन या नायट्रोजनयुक्त रसायनामुळे उघडते आणि रेणू एकमेकांना बांधले जाऊन जाळे तयार होते. पावसाळ्यातील मुंबईची दमट हवा या कामात अडथळा आणते, कारण ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी अमाइनची क्रिया होऊन पृष्ठभागावर मेणचट थर येऊ शकतो. दांडीत जुन्या तंबाखूचा चिकट डांबरी थर असला तर तोही आधी स्पिरिटने पुसून काढावा लागतो, नाहीतर राळ लाकडात मुरत नाही. खोलीच्या तापमानात घट्ट झालेली साधी इपॉक्सी 50 ते 60 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून निखाऱ्याच्या वाटीतील चीर या पद्धतीने बुजवणे योग्य नाही. नळीसाठी स्टेनलेस पोलाद पितळेपेक्षा सोयीचे, कारण ते पितळेच्या मानाने उष्णता फार कमी वाहून नेते.

तुटकी वस्तू घरात ठेवली की अनिष्ट घडते, असे सांगणारे सल्लागार याच शहरात पैसे घेऊन वस्तू फेकायला लावतात. या समजुतीला कोणताही आधार नाही. लाकूड तुटते ते त्याच्या ताकदीपेक्षा ताण जास्त झाला म्हणून, आणि तो ताण मोजता येतो.

दांडी आडवी न तुटता लांबीच्या दिशेने चिरली असेल, तर आतली नळी पुरत नाही, कारण मुखनळीची खुंटी आत घालताना भिंती बाहेर ढकलल्या जातात. अशा वेळी सोनाराकडून चांदीचे घट्ट वळे करून दांडीवर बाहेरून चढवतात. ते शोभेचे वाटत असले तरी चीर रुंदावू न देण्याचे काम तेच करते.