बर्स्टवर १० दिसतंय म्हणजे बर्स्ट १० झाला असं नाही

‘माझा बेनेट सी५ आहे, बर्स्ट १० झालाय, आता क्राउन कोणाला देऊ?’ गेन्शिन इम्पॅक्ट हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांत हा प्रश्न आला की कपाळावर हात मारावासा वाटतो. (बेनेट हे त्यातलं एक पात्र, बर्स्ट हे त्याचं मोठं अस्त्र, सी५ म्हणजे पाचवं कॉन्स्टेलेशन आणि क्राउन म्हणजे ९ वरून १० ला जायला लागणारी वस्तू.) अरे बाबा, त्या बर्स्टला क्राउन लागलेलाच नाही! तो ७ वर बसलाय. टॅलेंट लेव्हल आणि कॉन्स्टेलेशन यांची खिचडी केली की हे होतंच, आणि ती करणारे सगळे काही नवखे नसतात.

कॉन्स्टेलेशन सगळ्यांना पाठ असतं, कारण त्यात नशीब जातं किंवा खिसा. तेच पात्र पुन्हा मिळालं की एक पायरी, अशा सहा. टॅलेंट म्हणजे पात्राची तीन कौशल्यं: नॉर्मल अटॅक, स्किल आणि बर्स्ट. हे तिन्ही पुस्तकं, मारलेल्या शत्रूंकडून मिळालेला माल आणि मोरा (गेममधलं चलन) ओतून १ पासून १० पर्यंत चढवायचे. पॅसिव्ह, म्हणजे आपोआप चालणाऱ्या क्षमता, या दोन्हींत धरू नका. लढाईतली दोन पॅसिव्ह पात्राच्या पहिल्या आणि चौथ्या असेन्शनला (लेव्हलची मर्यादा वाढवणाऱ्या टप्प्याला) आपोआप उघडतात, त्यांना पुस्तकं लागत नाहीत.

आता खरी गोम. बहुतेक पात्रांचं तिसरं आणि पाचवं कॉन्स्टेलेशन एकेका टॅलेंटला +३ देतं. कोणत्या टॅलेंटला, ते पात्रागणिक बदलतं. बेनेटचं सी३ स्किलला देतं आणि सी५ बर्स्टला. श्यांगलिंगचं नेमकं उलटं. ही वाढ तुम्ही चढवलेल्या लेव्हलच्या वर बसते, तिच्या जागी येत नाही. पडद्यावर दिसतो तो दोन्हींचा बेरजेचा आकडा. म्हणजे निळसर १० मधले ७ तुमच्या कष्टाचे आणि ३ फुकटचे. पण १० ही मर्यादा फक्त कष्टाच्या आकड्याला आहे. बेरीज १३ पर्यंत जाते.

बेनेटच्या बर्स्टवर हिशेब मांडू. बर्स्टने पडलेल्या वर्तुळात उभ्या असलेल्या पात्राला बेनेटच्या मूळ अटॅकचा ठरावीक टक्का मिळतो. मूळ म्हणजे त्याचा स्वतःचा आणि तलवारीचा. आर्टिफॅक्टवरचा (पात्राला घालायच्या वस्तूंवरचा) अटॅक यात धरत नाहीत, तरी लोक त्याला अटॅकचे आर्टिफॅक्ट घालत बसतात, असो. लेव्हल १ ला हा टक्का ५६, १० ला १००.८ आणि १३ ला ११९. सी१ चे २० टक्के वेगळे. ‘१० झालं’ म्हणून थांबलेला माणूस जवळपास १८ टक्के टेबलावर तसेच सोडून उठतो, आणि वर उरलेला क्राउन दुसऱ्याच कोणाला तरी देऊन टाकतो.

असेन्शनची अटसुद्धा कष्टाच्याच आकड्याला लागते. चौथ्या असेन्शनला टॅलेंट ६ च्या पुढे जात नाही, पण सी५ असेल तर पडद्यावर ९ दिसेल. मग ‘९ आहे तरी अपग्रेड का होत नाही, गेममध्ये बग आहे’ अशी ओरड सुरू. बग नाही. पात्र चढवा.

खरी लेव्हल कळायला सोपी खूण आहे: अपग्रेडच्या पडद्यावर मोरा किती मागतोय ते बघा. २,६०,००० मागत असेल तर तुम्ही ७ वर आहात. ७,००,००० आणि एक क्राउन मागत असेल तर ९ वर. वरचा आकडा काहीही म्हणो.

किमतीचा चढ मनात असला की आधी काय चढवायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. १ ते ६ ला सगळे मिळून १,२२,५०० मोरा लागतात, आणि एकट्या ९ ते १० ला ७,००,०००. सातव्या लेव्हलपासून साप्ताहिक बॉसचा मालही लागतो: बेनेटला द्वालिनचं पीस, ७ आणि ८ ला एकेक, ९ आणि १० ला दोन-दोन. म्हणून तिन्ही टॅलेंट ८-८-८ करून ‘सगळं समान हवं’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बेनेट मैदानात येतो, स्किल मारतो, बर्स्ट टाकतो आणि निघतो. त्याचा नॉर्मल अटॅक १ वरच राहू द्या, जन्मभर. श्यांगलिंगचंही तेच: आधी बर्स्ट ९ पर्यंत न्या, मग स्किलकडे बघा. बर्स्टला +३ मिळालं म्हणून पुस्तकं दुसरीकडे वळवायची, हा उलटा न्याय आहे. जे टॅलेंट तुम्ही खरंच वापरता तेच आधी भरा.

बेनेट आणि श्यांगलिंग दोघांचीही पुस्तकं मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी मिळतात, त्यामुळे रेझिनसाठी (पुस्तकं मिळवायला खर्चावी लागणारी ऊर्जा) त्यांच्यात भांडण ठरलेलं. माझं मत विचाराल तर आधी बेनेट.

सुक्रोज हे पात्र मात्र या हिशेबात बसत नाही. तिच्या स्वर्लचं (वाऱ्याने दुसरं तत्त्व पसरवणाऱ्या प्रतिक्रियेचं) डॅमेज टॅलेंटवर नाही, पात्राच्या लेव्हलवर आणि एलिमेंटल मास्टरीवर (अशा प्रतिक्रियांची ताकद वाढवणाऱ्या आकड्यावर) ठरतं, आणि संघाला मास्टरी वाटणारी तिची दोन्ही पॅसिव्ह असेन्शनलाच उघडलेली असतात. तिला ९० वर न्या आणि पुस्तकं दुसऱ्या कोणाला द्या. तिच्यावर क्राउन खर्चणाऱ्याशी मी वाद घालत नाही.