तांबडी कालवड आणि गळून गेलेलं एक अक्षर

मी नववीत असताना मामाच्या गोठ्यात एक एचएफ, म्हणजे होल्स्टीन जातीची गाय व्यायली. गाय काळी-बांडी, भरवली तीही काळ्या-बांड्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांडीने, आणि कालवड झाली तांबडी-बांडी. मामा भडकला. डॉक्टरांनी कसलीतरी भलतीच कांडी वापरली आणि पैसे मात्र एचएफचे घेतले, असं तो महिनाभर गावात सांगत फिरला. डॉक्टरांची काहीही चूक नव्हती, हे मला पुढे कॉलेजात जनुकशास्त्र शिकताना कळलं. तोवर त्यांची बदली झाली होती.

ती कालवड मला परवा पुन्हा आठवली. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. 'दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच निर्दोष लाल गाय जन्मली, जेरुसलेमात तिसरं मंदिर उभं राहणार, जगाचा अंत जवळ आला,' असा त्याचा मथळा होता. चित्रात तांबूस-विटकरी रंगाच्या काही कालवडी निवांत रवंथ करत होत्या. टेक्सासहून विमानाने पाच कालवडी इस्रायलला आल्या, हे खरं आहे. ती घटना सप्टेंबर २०२२ ची. पण 'दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच' यातला चमत्कार खोटा आहे, आणि तो का खोटा आहे हे गायीच्या एका केसावरून समजावता येतं.

आधी विधी काय आहे तो पाहू. ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथातलं चौथं पुस्तक, मराठी बायबलातलं 'गणना', त्याच्या १९ व्या अध्यायात तो सांगितला आहे. प्रेताला, माणसाच्या हाडाला किंवा थडग्याला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध. आपलं सुतक दिवस भरले की फिटतं. इथे नुसते दिवस भरून भागत नाही. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्याच्यावर एक खास पाणी शिंपडावं लागतं. त्या पाण्यासाठी निर्दोष, अंगावर व्यंग नसलेली, मानेवर कधी जू न ठेवलेली तांबडी कालवड वस्तीबाहेर नेऊन मारायची आणि कातडं, मांस, रक्त, शेण यांसकट जाळायची. आगीत गंधसरूचं लाकूड, एजोब नावाची वनस्पती आणि किरमिजी सूत टाकायचं. उरलेली राख जपून ठेवायची आणि लागेल तेव्हा चिमूटभर झऱ्याच्या जिवंत पाण्यात कालवायची. गंमत अशी की जे पाणी अशुद्धाला शुद्ध करतं, ते तयार करणारी माणसं मात्र संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतात. सगळ्या ज्ञान्यांत श्रेष्ठ मानलेल्या शलमोन राजालाही हे कोडं सुटलं नाही, असं ज्यू परंपराच सांगते.

हल्ली प्रत्येक जुन्या विधीत जंतुशास्त्र शोधायची खोड जगभर लागली आहे. राख अल्कधर्मी, एजोब औषधी, म्हणजे हे प्राचीन जंतुनाशक होतं, असं सांगणारे लेख सापडतात. आपल्याकडे शेणाबद्दल आणि गोमूत्राबद्दल सापडतात तसेच. सातव्या दिवशी अंगावर उडालेल्या चार थेंबांनी कुठला जंतू मरणार? इसवी सनाच्या पहिल्या शतकातले रब्बी (ज्यू धर्मगुरू) योहानान बेन जक्काई यांना शिष्यांनी हेच विचारलं, तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं: प्रेत विटाळ करत नाही आणि पाणी शुद्ध करत नाही; ही देवाची आज्ञा आहे, एवढंच. श्रद्धावान माणसाने इतकं स्वच्छ बोलावं याचा मला आदर वाटतो. त्यांनी विधीला विज्ञानाचा टेकू शोधला नाही.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं दुसरं मंदिर पाडलं आणि हा विधी थांबला. राख नाही, म्हणून धर्मशास्त्राच्या हिशेबाने आज जवळजवळ प्रत्येक ज्यू माणूस मृताच्या विटाळात आहे. मंदिराच्या टेकडीवर जाऊ नका, असा इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाचा फलक तिथे लावलेला आहे, त्याच्यामागचं मोठं कारण हेच. त्या टेकडीवर आज अल-अक्सा मशीद आणि सोनेरी घुमटाची वास्तू उभी आहे. म्हणजे एका कालवडीची राख मिळाली तर धर्मशास्त्रातला एक अडसर दूर होतो आणि जगातल्या सगळ्यात स्फोटक जागेचा प्रश्न उघडा पडतो.

आता रंगाकडे वळू. मराठी बायबलात 'लाल' नाही, 'तांबडी कालवड' असा शब्द आहे, आणि अनुवादकांनी तो अचूक निवडला. गाय कुंकवासारखी लाल नसते. ती तांब्याच्या, तांबड्या मातीच्या रंगाची असते. हिब्रूतही लाल म्हणजे 'आदोम' आणि जमीन म्हणजे 'आदामा', हे शब्द एकमेकांना लागूनच आहेत.

हा तांबडा येतो कुठून? केस कातडीतल्या एका इवल्याशा खोबणीतून उगवतो. खोबणीच्या तळाशी रंगपेशी बसलेल्या असतात, आणि वाढत्या केसात त्या रंगाचे कण भरत राहतात. त्यांच्याकडे रंग दोनच: काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबडा-पिवळा फिओमेलॅनिन. दोन्हींचा कच्चा माल एकच, टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल. टायरोसिनेज हे विकर त्यापासून डोपाक्विनोन नावाचा अत्यंत चंचल रेणू बनवतं, आणि सगळा खेळ इथे ठरतो. पेशीत सिस्टीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, आणि ते दिसेल त्या डोपाक्विनोनला चिकटतं. चिकटलं की रेणू तांबड्या रंगाच्या वाटेला लागतो. विकर मंद चालत असेल तर सिस्टीन सगळ्यांना पुरतं आणि केस तांबडा होतो. विकर जोरात चाललं तर सिस्टीन संपतं, उरलेले रेणू एकमेकांत गुंफत जातात आणि केस काळा होतो. तांबडा रंग म्हणजे काही तरी जास्तीचं मिळालेलं नव्हे. काळं करणारं यंत्र संथ चाललं की जे उरतं ते तांबडं.

यंत्राचा वेग कोण ठरवतं? रंगपेशीच्या पृष्ठभागावर एमसी१आर नावाचं प्रथिन असतं. त्याला दारावरची बेल समजा. एमएसएच हे संप्रेरक येऊन बेल दाबतं, आत चक्रीय एएमपी या निरोप्याचं प्रमाण वाढतं आणि टायरोसिनेज जोमाने कामाला लागतं. या बेलेचं जनुक गायीच्या १८ व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या तीन आवृत्त्या महत्त्वाच्या. पहिली साधी: बेल दाबली तर वाजते. दुसरी काळ्या गायींची: ९९ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन आलं आहे, त्यामुळे बेल अडकून बसली आहे आणि कोणी न दाबताही वाजतच राहते. तिसरी तांबड्या गायींची, नॉर्वेतल्या संशोधकांनी १९९५ साली उलगडून दाखवलेली: हिच्यात डीएनएचं एकच अक्षर गळालं आहे.

एका अक्षराने काय होतं? पेशी जनुक तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचते. 'कमळ बदक नगर सडक' हे वाक्य घ्या आणि 'बदक'मधला फक्त 'द' काढा. तीन-तीनच पाडायचे म्हटलं की 'कमळ बकन गरस डक' असं होतं. एकच अक्षर गेलं, पण पुढचा सगळा मजकूर सरकून निरर्थक झाला. इथेही तसंच होतं: गळालेल्या जागेपासून वाचन भरकटतं, थोड्याच अंतरावर 'इथे थांबा' असा चुकीचा शब्द तयार होतो, आणि ३१७ अमिनो आम्लांचं प्रथिन अर्ध्यावरच तुटतं. दाराला बेलच बसत नाही. संप्रेरक कितीही आलं तरी आत निरोप जात नाही, आणि गाय आयुष्यभर तांबडी राहते.

जनुकाच्या प्रती दोन असतात, एक आईकडून, एक बापाकडून. अडकलेली बेल एक जरी असली तरी गाय काळीच दिसते. अशी काळी गाय तुटकी प्रत लपवून पिढ्यान्‌पिढ्या वाहू शकते. लपवणारी गाय आणि लपवणारा वळू एकत्र आले की चारात एक वासरू तांबडं होण्याची शक्यता असते. मामाच्या गोठ्यात झालं ते हेच. काळ्या अँगस गुरांतही हेच होतं. तांबड्या निघालेल्या अँगसना अमेरिकी गोपालकांनी वेगळं काढलं आणि १९५४ साली 'रेड अँगस'ची स्वतंत्र संघटना बांधली. दोन्ही प्रती तुटलेल्या गायीला तसाच वळू लावला की वासरू तांबडंच होणार, शंभरात शंभर. त्या व्हिडिओतला 'दोन हजार वर्षांतला चमत्कार' अमेरिकेच्या कुरणांवर दर वर्षी कळपांनी जन्मतो.

मग अडतं कुठे? नियमांच्या बारकाव्यात. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहात, या कालवडीवर 'पारा' नावाचं आख्खं प्रकरण आहे. एकाच खोबणीतून दोन काळे किंवा पांढरे केस उगवले असतील तर कालवड बाद. शिंगं किंवा खूर काळे असतील तर तासून टाका. पाठीवर पक्षी बसला तर चालेल, पण कोणी तिच्यावर अंगरखा टाकला तर ती बाद. एका केसाचं मूळ तांबडं आणि टोक काळं असेल तर काय? रब्बी मेईर म्हणतात, दिसतं ते धरा. बाकीचे पंडित म्हणतात, मूळ धरा. हा वाद मला फार आवडतो. केस मुळातून वाढतो, म्हणून टोक हा केसाचा सगळ्यात जुना भाग आणि मूळ सगळ्यात ताजा. रंगपेशी आज काय करते आहे ते मुळातच दिसतं. पंडितांना रंगपेशी माहीत होती असा दावा मी अजिबात करणार नाही. पण ही माणसं गुरांचे केस बाजूला सारून डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती, हे नक्की.

काळ्या केसांची अडचण रेड अँगसने जवळजवळ संपवली, कारण बेलच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच तांबड्या गायींच्या शेपटीचा गोंडा काळा असतो. तिथे बेल शाबूत आहे आणि अंगाच्या काही भागात ती वाजते, असा त्याचा अर्थ. अशी गाय मिश्नाच्या कसोटीला पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

पांढरा केस मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथे रंग चुकलेला नसतो, रंगपेशीच हजर नसते. गर्भात रंगपेशींच्या पूर्वज पेशी पाठीच्या कण्याच्या रेषेवर तयार होतात आणि तिथून कातडीतून चालत अंगभर पसरतात. कपाळाचा मध्य, पोट, पायांची टोकं आणि शेपटीचं टोक ही मुक्कामाची शेवटची गावं. प्रवास कमी पडला की पांढरं इथेच उरतं. जन्मानंतरही धोका टळत नाही. केस झडून नवा येतो तेव्हा खोबणीतल्या राखीव पेशींनी नव्या रंगपेशी पुरवाव्या लागतात. तो साठा आटला की पुढचा केस पांढरा. परदेशात गुरांवर अतिथंड शिक्का मारतात, त्याचं तत्त्वही हेच: थंडीने रंगपेशी मरतात, केस जगतो, आणि क्रमांक पांढऱ्या केसांत उमटतो.

१९९६ साली हैफाजवळच्या कफर हसीदिम इथे जन्मलेली मेलडी अशीच शेपटीपाशी बाद झाली. आई काळी-बांडी होल्स्टीन, म्हणजे मामाच्या गायीचीच जात. कालवड तांबडी निघाली, पत्रकार जमले, मशिहा, म्हणजे ज्यूंना अपेक्षित असलेला तारणहार, येणार म्हणून काहींनी दिवस मोजायला घेतले, आणि मग शेपटीत पांढरे केस उगवले.

एव्हाना नुसती वाट पाहणं थांबलं होतं आणि पैदासीची खटपट सुरू झाली होती. नव्वदच्या दशकात मिसिसिपीतले एक ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि गोपालक, क्लाइड लॉट, जेरुसलेमच्या रब्बींशी बोलून तांबडी गुरं पुरवायच्या खटपटीत होते. तिसऱ्या मंदिराची तयारी करणाऱ्या तिथल्या 'टेंपल इन्स्टिट्यूट'ने २०१५ मध्ये रेड अँगसचे गोठवलेले भ्रूण इस्रायली गायींत रोवण्याचा कार्यक्रम जाहीर केला. २०२२ च्या पाच कालवडींमागेही टेक्सासमधल्या ख्रिस्ती श्रद्धाळूंचा हात होता. ज्यू आणि ख्रिस्ती, दोघांची वाट वेगळी आहे. बाराव्या शतकात मैमोनिडीझ या ज्यू धर्मपंडिताने लिहून ठेवलं की आजवर नऊ कालवडी झाल्या, दहावी मशिहा राजा करील. काही इव्हँजेलिकल ख्रिस्ती मात्र तिसऱ्या मंदिरात ख्रिस्तविरोधकाचं आगमन, महासंकट आणि येशूचं पुनरागमन पाहतात. एकाच कालवडीकडे पाहून दोघं दोन वेगळ्या शेवटांची वाट पाहतात.

कांडी निवडून, भ्रूण गोठवून, विमानाचं भाडं भरून जे आणलं, त्याला आकाशातून आलेली खूण म्हणणं मला पटत नाही. ती ठरवून केलेली पैदास आहे, आणि पैदाशीची जबाबदारी करणाऱ्यावर असते. ही कालवड निरुपद्रवी राहिलेली नाही. इस्रायलवरच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याला शंभर दिवस झाले तेव्हा हमासच्या प्रवक्त्याने आपल्या भाषणात या तांबड्या गायींचा उल्लेख केला. ज्यांना मशीद जाण्याची भीती आहे ते हाच व्हिडिओ घाबरून पुढे पाठवतात, ज्यांना मंदिर हवं आहे ते आनंदाने.

मिश्नातल्या बहुसंख्य पंडितांच्या मते ही कालवड तीन-चार वर्षांची हवी. म्हणजे जन्मतः कसोटीला उतरलेल्या वासराचे केसही त्या वयापर्यंत कित्येकदा झडून नव्याने येणार, आणि दर वेळी प्रत्येक खोबणीतल्या राखीव पेशींना नवी रंगपेशी पुरवावीच लागणार. मामाची कालवड तीन वर्षांची झाली तेव्हा मी तिच्या शेपटीचा गोंडा हातात घेऊन पाहिला होता. अंगावर इतकी दाट तांबडी, पण गोंड्याचा एकूण एक केस पांढरा.