जिथे सूत बारीक, तिथे पीळ

शालेय इतिहासातील औद्योगिक क्रांतीच्या धड्यात कापूस कातण्याच्या यंत्रांची तीन नावे एका दमात पाठ करावी लागतात: हारग्रीव्ह्जची जेनी, आर्कराइटची वॉटर फ्रेम आणि क्रॉम्प्टनचे म्यूल. जेनी नावाच्या मुलीने चरखा उलटा पाडला आणि बापाला जेनीची युक्ती सुचली, ही त्यासोबत येणारी गोष्ट आजही मोबाइलवरून फिरत असते; वस्तुतः हारग्रीव्ह्जच्या पत्नीचे नाव एलिझाबेथ होते आणि त्याच्या मुलींत कोणी जेनी असल्याची नोंद नाही. तिसऱ्या यंत्राबद्दलचा गैरसमज अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक टिकाऊही. जेनी आणि वॉटर फ्रेम यांचा संकर म्हणजे म्यूल, म्हणून नाव ‘खेचर’, एवढ्यावर विषय संपवला जातो. या स्पष्टीकरणात त्या यंत्राची खरी करामत निसटते, आणि ती ज्या घरात सुचली ते घरही.

सॅम्युएल क्रॉम्प्टनचा जन्म ३ डिसेंबर १७५३ रोजी इंग्लंडमधील लँकेशायरच्या बोल्टन गावाजवळ, फरवुड फोल्ड येथे झाला. तो लहान असतानाच कुटुंब ‘हॉल इथ वुड’ नावाच्या जुन्या, पडक्या वाड्याच्या काही खोल्यांत राहायला गेले आणि लवकरच वडील वारले. आई बेटी करारी होती. शेती, कताई आणि विणकाम यांवर तिने घर चालवले आणि रोज ठरावीक काम झालेच पाहिजे, हा तिचा दंडक मुलालाही लागू होता. सॅम्युएल आठ चात्यांच्या (धाग्याला पीळ देणाऱ्या फिरत्या सळ्यांच्या) जेनीवर कातत असे. तिचे सूत वारंवार तुटे, ते जोडण्यात वेळ जाई आणि आईची बोलणी खावी लागत. त्या वैतागातून त्याने १७७४ च्या सुमारास स्वतःचे यंत्र बांधायला घेतले, आणि हत्यारांच्या खर्चासाठी बोल्टनच्या नाटकगृहात व्हायोलिन वाजवून पैसे मिळवले. रात्री-अपरात्री वाड्यात दिवा दिसे, ठोकाठोक ऐकू येई. तेव्हा शेजाऱ्यांनी वाड्यात भूत असल्याचे ठरवून टाकले. भुताची निर्मिती बहुधा अशीच होते: आवाज खरा असतो, फक्त कारण विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

यंत्र १७७९ मध्ये तयार झाले. त्याच वर्षी लँकेशायरमध्ये यंत्रे फोडणाऱ्या जमावांचा उपद्रव सुरू होता, म्हणून क्रॉम्प्टनने ते सुटे करून माळ्यावर लपवले. पुढच्या वर्षी त्याचे लग्न मेरी पिमलॉट हिच्याशी झाले. ती स्वतः उत्तम कातणारी होती आणि नव्या यंत्रावर दोघे मिळून काम करीत. थोरला मुलगा जॉर्ज याने पुढे एक आठवण सांगितली आहे: जेमतेम चालता येऊ लागले, तेव्हा आई त्याचा झगा वर खोचून त्याला साबणाच्या पाण्यात भिजलेल्या कापसाच्या भांड्यात उभा करी आणि पायांनी कापूस तुडवायला लावी. कातण्यापूर्वीची ही सगळी मेहनत घरातलीच होती.

आता त्या करामतीकडे वळू. सूत कातणे म्हणजे दोन कामे: तंतूंची वात ओढून बारीक करणे आणि तिला पीळ देणे. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब असतो. पीळ नसेल तर तंतू एकमेकांवरून घसरतात, पीळ बसला की एकमेकांना आवळून धरतात. आर्कराइटच्या यंत्रात रुळांच्या जोड्या वाढत्या वेगाने फिरून पेळू, म्हणजे तंतूंची ती वात, बारीक करीत आणि पीळ नंतर बसे. पण रुळांच्या दोन जोड्यांमध्ये आखूड तंतूंना कोणीच धरलेले नसते, ते मनमानी सरकतात, आणि सुतात जाड-बारीक जागा तयार होतात. शिवाय त्या यंत्रात गुंडाळणाऱ्या रिळाला धाग्याच्याच ओढीवर फिरावे लागे, त्यामुळे धागा दणकट असणे भाग होते.

क्रॉम्प्टनने रूळ ठेवले, पण चात्या एका चाकांच्या गाड्यावर बसवल्या. रूळ पेळू सोडत असताना गाडा सुमारे दीड मीटर मागे सरके आणि चात्या फिरून धाग्याला पीळ देत. शेवटच्या टप्प्यात रूळ थांबत, पण गाडा आणखी थोडा मागे जाई, म्हणजे पीळ चढत असलेला धागाच ताणला जाई. मला या यंत्रातील हाच क्षण सर्वाधिक प्रिय आहे. दोन टोकांमध्ये ताणलेल्या धाग्यात पिळाचा जोर सर्वत्र सारखा असतो, पण त्याला होणारा विरोध जाडीप्रमाणे बदलतो. भरीव दांडीची जाडी निम्मी केली, तर तिचा पिळाला होणारा विरोध सोळा पटींनी घटतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. सूत भरीव नसल्याने हा आकडा त्याला जसाच्या तसा लागू होत नाही, पण कल तोच राहतो. परिणामी पीळ आधी बारीक जागांकडे धावतो. तिथले तंतू आवळले जातात आणि ती जागा ताणाला दाद देत नाही. जाड जागेला पीळ कमी मिळतो, तिथले तंतू सैल असतात, ते घसरतात आणि जाड जागा बारीक होते. धागा स्वतःच स्वतःची चूक सुधारतो. मात्र पीळ प्रमाणाबाहेर गेला की सगळेच तंतू घट्ट होतात आणि ओढले की सूत तुटते. म्हणून आधी हलका पीळ, मग ओढ आणि शेवटी उरलेला पीळ, हा क्रम सांभाळावा लागतो. ज्यांनी शाळेत टकळीवर सूत काढले आहे, त्यांच्या बोटांना हे भौतिकशास्त्र सूत्राविना ठाऊक असते. क्रॉम्प्टनने बोटांचे ते ज्ञान गाड्यावर बसवले, म्हणून ‘संकर’ हा शब्द मला अपुरा वाटतो.

याचे माप सुताच्या ‘नंबरा’त मिळते. एका पौंड वजनाच्या सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी, तितका नंबर. क्रॉम्प्टनला ४० नंबरी सुताच्या कताईसाठी पौंडामागे १४ शिलिंग, ६० नंबरीसाठी २५ आणि ८० नंबरीसाठी ४२ शिलिंग मिळाले. ८० नंबरी म्हणजे अवघ्या ४५४ ग्रॅम कापसातून सुमारे ६१ किलोमीटर धागा. तोवर इंग्लंडात इतके तलम कापड प्रामुख्याने भारतातून, विशेषतः ढाक्याच्या मलमलीच्या रूपाने, येत असे. म्यूलमुळे ते तिथेच विणता येऊ लागले आणि बंगालच्या कातणाऱ्या स्त्रियांच्या पोटावर त्याचा आघात झाला.

क्रॉम्प्टनच्या घरात मात्र समृद्धी आली नाही. पेटंट न घेता, वर्गणीच्या आश्वासनावर त्याने यंत्र सर्वांना खुले केले, आणि हाती जेमतेम ६० पौंडांच्या आसपास रक्कम पडली; यंत्र पाहून गेलेल्या कित्येकांनी कबूल केलेले पैसेही दिले नाहीत. १७९६ मध्ये मेरी लहान मुले मागे ठेवून वारली. १८११ मध्ये त्याने स्वतः हिंडून गणती केली, तेव्हा म्यूलच्या चात्या ४० लाखांहून अधिक भरल्या. त्या बळावर १८१२ मध्ये संसदेने ५००० पौंड मंजूर केले. पंतप्रधान पर्सिव्हल याहून बरीच मोठी रक्कम सुचवणार होते, असे सांगितले जाते. पण ११ मे रोजी संसदेच्या दालनातच त्यांची हत्या झाली. मिळालेले पैसे क्रॉम्प्टनने धंद्यांत घातले, ते बुडाले, आणि २६ जून १८२७ रोजी बोल्टनमध्ये तो जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला.

गाडा हाताने आणि गुडघ्याने ढकलण्याचे कष्ट पुढे रिचर्ड रॉबर्ट्सच्या स्वयंचलित म्यूलने संपवले. म्यूल कातते, थांबते, गुंडाळते आणि पुन्हा कातते. कातणे आणि गुंडाळणे एकाच वेळी करणारे रिंग यंत्र मात्र अखंड चालते. नागपूरच्या एम्प्रेस मिलने १८८० च्या दशकातच रिंग स्वीकारली, लँकेशायर मात्र बारीक सुतासाठी कितीतरी दशके म्यूलला धरून राहिले. लोकरीच्या काही गिरण्यांत म्यूलचा गाडा आजही मागे-पुढे सरकतो आहे.