जागच्या जागी फिरणारं चाक

१९१२ साली टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेत जागच्या जागी चालवायच्या सायकली होत्या. समोर घड्याळासारखी मोठी तबकडी आणि तिच्यावर काटे. पेडल मारलं की काटा पुढे सरकायचा, म्हणजे दोघं जण बसले तर शर्यतच. किती अंतर झालं हे तबकडी सांगायची. ते कापायला जोर किती लागला, हे मात्र तिला ठाऊक नसायचं. आजही ट्रेनरवरून, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येणाऱ्या यंत्रावरून, घामाघूम होऊन उतरलेला माणूस 'तासभर मारली' एवढंच सांगतो, तेव्हा तो त्या तबकडीच्याच भाषेत बोलत असतो. घरात सायकल चालवण्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात दोन वेगळ्या इच्छा समांतर चालत आल्या आहेत. सायकलपटूंना घरात रस्ता हवा होता, तर शरीरशास्त्रज्ञांना रस्ता नकोच होता, त्यांना नेमकं मोजमाप हवं होतं. या दोन इच्छा एकत्र आल्या अगदी अलीकडे, आणि ट्रेनरवरचा सराव खऱ्या अर्थाने कामाचा झाला तो त्यानंतर.

सायकलपटूंची वाट रोलरवरून गेली. चौकटीत बसवलेली तीन लाटणी, दोन मागच्या चाकाखाली आणि एक पुढच्या चाकाखाली. मागचं लाटणं पट्ट्याने पुढच्याला जोडलेलं, म्हणजे दोन्ही चाकं फिरती राहतात. सायकल कुठेही बांधलेली नसते, तोल आपला आपणच सांभाळायचा. पहिल्यांदा रोलरवर चढलो तेव्हा मी दाराची चौकट धरून पेडल मारायला लागलो, दहा सेकंदांनी धीर करून हात सोडला आणि पुढच्या क्षणी कपाटाला जाऊन भिडलो. नजर चाकावर ठेवली की सायकल भरकटते आणि समोर दूर कुठेतरी ठेवली की सरळ राहते, हे मला त्या कपाटाने शिकवलं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अशा रोलरवरच्या शर्यती अमेरिकेत चक्क नाट्यगृहांच्या रंगमंचावर होत. विश्वविजेता मेजर टेलर आणि चार्ल्स मर्फी हे त्या काळचे नामवंत सायकलपटू अशा खेळांत उतरले होते.

यातल्या मर्फीचा एक पराक्रम आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. ३० जून १८९९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रुळांच्या मधोमध फळ्या अंथरल्या गेल्या. आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या आडोशाने मर्फीने त्या फळ्यांवरून एक मैल ५७.८ सेकंदांत कापला, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. त्याचे पाय काही दैवी नव्हते. डब्याने समोरची हवा बाजूला सारली होती, इतकंच. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि ही मागणी वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर हवेसाठी आठपट ताकद. रोलरवर ही हवाच नसते. त्यामुळे पाय गरगर फिरतात, काटा धावतो, पेडलिंग गुळगुळीत होतं, पण मांड्यांना रस्त्यासारखं ओझं मिळत नाही. कौशल्यासाठी आणि शर्यतीआधी अंग गरम करण्यासाठी रोलरला आजही तोड नाही. ताकदीसाठी दुसरं काहीतरी लागणार होतं.

ते दुसरं काहीतरी प्रयोगशाळेत आधीच तयार होत होतं, फक्त सायकलपटूंचा त्याच्याशी संबंध नव्हता. माणूस काम करतो तेव्हा किती प्राणवायू वापरतो हे शास्त्रज्ञांना शोधायचं होतं. त्यासाठी काम तर नेमकं मोजता यायला हवं, आणि तोंडाला नळी लावलेला माणूस एका जागी राहायला हवा. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ साली विद्युतचुंबकाने रोखली जाणारी सायकल प्रसिद्ध केली. चुंबकाजवळून धातूची चकती फिरली की चकतीत भोवऱ्यांसारखे विद्युतप्रवाह उठतात आणि ते तिच्याच फिरण्याला विरोध करतात. कुठे काही घासत नाही, झिजत नाही आणि रोध हवा तसा कमी-जास्त करता येतो. क्रोग यांना १९२० साली नोबेल मिळालं ते केशवाहिन्यांवरच्या संशोधनासाठी. पण आजच्या महागड्या स्मार्ट ट्रेनरच्या पोटात जे तत्त्व चालतं, ते त्यांच्या या सायकलीतलंच आहे.

१९५४ मध्ये स्वीडनच्या फॉन ड्योबेल्न यांनी ती कल्पना आणखी सोपी केली. जड चाकाभोवती पट्टा आणि पट्ट्याचा ताण दाखवणारा लंबक. मोनार्क कंपनीच्या अशा सायकलींचं गणित कागदावर करता येतं. पेडलच्या एका फेरीत चाकाची कड सहा मीटर सरकते. पट्ट्याला एक किलोचा ताण असेल आणि मिनिटाला पन्नास फेऱ्या मारल्या, तर काम होतं साधारण ५० वॉटचं. ताण दुप्पट केला की १०० वॉट. इथे वेगाचा, वाऱ्याचा, चढाचा प्रश्नच येत नाही. या रुक्षपणामुळेच ही सायकल जगभरच्या प्रयोगशाळांत आणि रुग्णालयांत जाऊन बसली.

ट्रेनरवरच्या सरावाचं सर्वांत गाजलेलं सूत्रही अशाच सायकलवर तपासलं गेलं. जपानच्या इझुमी ताबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीस सेकंद जीव तोडून पेडल मारायचं आणि दहा सेकंद थांबायचं, अशा सात-आठ फेऱ्या होत्या. ही पद्धत मुळात जपानी स्पीड स्केटिंग संघाच्या प्रशिक्षकाची, ताबातांनी ती मोजून पाहिली. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. तुलनेला दुसरा गट तासभर मध्यम जोराने सायकल चालवणारा. प्राणवायू वापरण्याची क्षमता दोन्ही गटांची वाढली, पण प्राणवायूविना काम करण्याची क्षमता फक्त पहिल्या गटाची, २८ टक्क्यांनी. आता 'ताबाता' हे नाव व्यायामशाळेत कशालाही चिकटवतात. मूळ प्रयोगातला जोर कमाल प्राणवायू-वापराच्या पातळीच्या १७० टक्के होता, आणि पेडलचा वेग टिकेनासा झाला की सराव तिथेच संपायचा. पाचवी फेरी हसतखेळत पार पडत असेल तर ते ताबाता नव्हे, हे मी स्वतःलाही अधूनमधून सांगतो.

सायकलपटू मात्र अजून रस्त्याच्याच शोधात होते. १९७०च्या दशकात मागच्या चाकाला पंखे जोडलेले ट्रेनर आले. कल्पना सुंदर होती, कारण पंखा फिरवायला लागणारी ताकदही वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे रस्त्यावरच्या हवेची नक्कल आपोआप होते. अडचण आवाजाची. जोर लावला की घर दणाणायचं आणि घरातली माणसंही. ब्रिटनमध्ये ट्रेनरला सरसकट 'टर्बो' म्हणतात, ते नाव याच काळातल्या एका उत्पादनाचं. मग चुंबकाचे ट्रेनर आले. ते शांत, पण वेगाबरोबर त्यांचा रोध रस्त्यासारखा चढत नाही. नंतर द्रवाचे ट्रेनर आले. बंद डबीतल्या दाट तेलात पाती फिरतात, आवाज कमी आणि रोधाची चढण रस्त्याच्या जवळ जाणारी. सुरुवातीच्या काहींतून तेल गळायचं. आणि या तिन्ही प्रकारांत टायर रोलरवर घासायचा. रबर तापायचं, हवेचा दाब बदलायचा, जोरात उठाव घेतला की चाक घसरायचं. तोच गिअर आणि तोच वेग असूनही पहिल्या दहा मिनिटांत जेवढा जोर लागला, तेवढा चाळिसाव्या मिनिटाला लागेलच याची खात्री नसे. म्हणून जुन्या ट्रेनरवर आधी दहा-पंधरा मिनिटं सायकल चालवून मगच मोजमाप जुळवून घ्यायची पद्धत पडली. ती आजही पाळण्यासारखी आहे.

या सगळ्या खटाटोपात रस्त्यावरची एक गोष्ट सहज विसरली गेली, ती म्हणजे अंगावर येणारा वारा. सायकल चालवताना शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतली जेमतेम पाव पेडलपर्यंत पोचते, उरलेल्याची उष्णता होते. पेडलवर २०० वॉट पडत असतील तर अंगातून ६०० ते ८०० वॉट बाहेर पडायला हवेत. खोलीत एक हीटर चालू आहे आणि तो हीटर आपणच आहोत, असा हा प्रकार. रस्त्यावर वारा घाम उडवून नेतो. खोलीत घाम नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम काही कामाचा नाही, थंडावा मिळतो तो वाळलेल्या घामाने. मग रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, वॉट तेवढेच असताना नाडी मात्र चढत जाते. 'घरात मला रस्त्यापेक्षा कमी जमतं' अशी तक्रार करणाऱ्याच्या पायात दोष नसतो, समोर पंखा नसतो. बंद खोलीतला घामाचा पूर म्हणजे कष्टाचा पुरावा, असं मानणारी मंडळी अजून आहेत. मोठा पंखा, तोही सुरुवातीपासून छातीवर सोडलेला, हा ट्रेनरच्या सामानातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक भाग आहे.

दोन वाटा जुळल्या त्या वॉटवर. १९८६ मध्ये जर्मनीच्या उलरिख शोबेरर यांनी सायकलच्या क्रँकमध्ये (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्यात) बसणारं शक्तिमापक बनवलं, एसआरएम. प्रयोगशाळेतला आकडा पहिल्यांदाच रस्त्यावर आला. त्याच दशकात अमेरिकेच्या रेसरमेट कंपनीने संगणकाला जोडलेला कॉम्प्युट्रेनर आणला. पुढे शरीरशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन आणि प्रशिक्षक हंटर ॲलन यांनी एफटीपी (फंक्शनल थ्रेशोल्ड पॉवर) ही कल्पना रुजवली. सुमारे तासभर टिकवता येईल असा जोर शोधायचा (वीस मिनिटांच्या चाचणीतल्या सरासरीचे ९५ टक्के ही त्याची लोकप्रिय पळवाट) आणि सगळा सराव त्याच्या टक्केवारीत मांडायचा. २०१२ मध्ये वाहू कंपनीचा किकर हा ट्रेनर आला. मागचं चाक काढून साखळी थेट ट्रेनरवर चढवायची. टायर गेला, घसरणं गेलं आणि फोनवरून रोध ठरवता येऊ लागला.

या ट्रेनरमधला अर्ग मोड म्हणजे क्रोग आणि ड्योबेल्न यांचा वारसाच. २२० वॉट ठरवले की पाय हळू फिरवा वा जोरात, ट्रेनर २२० वॉटच घेणार. यात एक खोडा आहे. दमून पाय मंदावले की तेवढेच वॉट काढण्यासाठी ट्रेनर रोध वाढवतो, रोध वाढला की पाय आणखी मंदावतात, आणि बघता बघता पेडल चिखलात रुतल्यासारखं होतं. अशा वेळी दात-ओठ खाऊन ढकलत राहण्यात अर्थ नसतो. मोड बंद करावा, पाय मोकळे फिरवावे आणि पुन्हा सुरू करावा.

रस्ता परत आला तो पडद्यावर. जॉन मेफिल्ड यांनी घरच्या ट्रेनरसाठी केलेल्या त्रिमितीय खेळातून २०१४ मध्ये झ्विफ्ट हे आभासी सायकलिंगचं सॉफ्टवेअर उभं राहिलं. चढ आला की ट्रेनर जड होतो, दुसऱ्याच्या मागे लागलं की तेवढ्याच वॉटमध्ये पडद्यावरचा वेग वाढतो, म्हणजे मर्फीचा डबाही आता सॉफ्टवेअरमध्ये आला. पडद्यावरच्या या रस्त्याकडे करमणूक म्हणून पाहणाऱ्यांना २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमनने उत्तर दिलं. फेब्रुवारीअखेर शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. पुढचे काही आठवडे तो घरात ट्रेनरवर बसून राहिला, आणि १० एप्रिलला दगडी रस्त्यांची पॅरिस-रुबे शर्यत टॉम बोनेनला मागे टाकून जिंकला.

९ डिसेंबर २०२० रोजी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने आभासी सायकलिंगची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. पडद्यावरच्या चढावर वेग ठरतो तो वॉट आणि वजन यांच्या गणिताने, त्यामुळे स्पर्धकांना आपलं वजनही सिद्ध करून द्यावं लागलं. महिलांत ॲशली मूलमन-पासियो ही रस्त्यावरची कसलेली खेळाडू जिंकली. पुरुषांत जिंकला जर्मनीचा जेसन ऑसबोर्न, आणि तो मुळात नौकानयनपटू होता. पुढच्याच वर्षी त्याने टोकियो ऑलिंपिकमध्ये वल्ही मारून रौप्यपदक मिळवलं, आणि नंतर एका व्यावसायिक सायकल संघात जाऊन खऱ्या रस्त्यावर उतरला.